"आयफोन कोणाकडे आहे रे?"

पुण्यातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना एका मोबाईल दुरुस्तीवाल्याचं खुलं पत्र

सन्माननीय प्राचार्य महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

जुलैमध्ये मी एका पालक सभेला गेलो होतो. माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सभा साडेदहाची, म्हणून त्या दिवशी दुकान दुपारी उघडलं. प्राचार्यांनी भाषणात मुलांच्या चैनीचा विषय काढला. आम्ही एका पेनावर तीन वर्षं काढली, यांना दर वर्षी नवा मोबाईल लागतो, पालकहो, जरा लाड आवरा, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग त्याच माईकवर एका मॅडमनी यंदाच्या सूचना वाचून दाखवल्या. हजेरी अॅपवर लागेल. असाइनमेंट स्कॅन करून पीडीएफमध्ये द्यायच्या. फॉर्म आणि फी पोर्टलवर. वेळापत्रकातले बदल फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतील, नोटीसबोर्ड बघत बसू नये. यालाही टाळ्या पडल्या. या वेळी माझे हात मांडीवरच राहिले.

त्या दोन टाळ्यांच्या मध्ये जे घडतं ते माझ्या काउंटरवर येतं, म्हणून हे पत्र. रोख कोणा एका कॉलेजवर नाही. माझ्याकडे दहा-बारा कॉलेजांची मुलं येतात आणि सगळीकडची गोष्ट थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

आधी माझी ओळख. डेक्कनच्या मागच्या एका गल्लीत माझं आठ बाय दहाचं दुकान आहे. 2008 पासून हेच करतो. सुरुवातीला नोकिया 1100 यायचे. त्याचं मागचं झाकण अंगठ्याने सरकवलं की बॅटरी हातात यायची, आणि नवी बॅटरी पानटपरीवरसुद्धा मिळायची. आता माझ्या टेबलावर हीट गन, मायक्रोस्कोप, तीन तऱ्हेचे चिमटे आणि पस्तीस प्रकारच्या स्क्रूंची डबी असते. सुटे भाग तापकीर गल्लीतून आणतो, तिथे नसले तर मुंबईहून मागवतो. दसऱ्याला या सगळ्या हत्यारांना झेंडू वाहतो. आणि नेमके त्याच दिवसांत ऑनलाइन सेल लागलेले असतात. मी इकडे सोल्डरिंग गनला हळदकुंकू लावतो तेव्हा माझं अर्धं गिऱ्हाईक तिकडे 'एक्स्चेंज'मध्ये किती मिळतील ते बघत असतं.

मुलांची बाजू घेऊन मी भाबडेपणाने लिहितोय असं वाटू नये, म्हणून चैनीचा भाग आधी सांगून टाकतो. चैन आहे, आणि भरपूर आहे.

मध्यंतरी एक टूम निघाली होती. जुन्या आयफोन एक्सआरचं आतलं सामान काढायचं आणि नव्या प्रो मॉडेलसारख्या दिसणाऱ्या बॉडीत बसवायचं. मागे तीन भिंगं दिसतात, त्यातलं एकच खरं. बाकीची नुसती काच. अशा बॉड्या तयार मिळतात. मी अशी चार कामं केली. पाचवा मुलगा आला तेव्हा मी त्याला विचारलं, "अरे, फोटो तर तसेच येणार, मग उपयोग काय?" तो म्हणाला, "काका, फोटो काढायला नाही. टेबलावर पालथा ठेवायला." कॅन्टीनच्या टेबलावर फोन पालथा ठेवायचा म्हणजे पाठ दिसते. एवढ्यासाठी साडेतीन हजार रुपये आणि वर वॉटरप्रूफिंग गेलं ते वेगळं. ते काम मी घेतलं नाही. आधीची चार घेतली होती, त्यामुळे मला फार नाक वर करायची सोय नाही.

चैनीच्या पोटातही दुसरं काही असतं, ते नीट कान दिला की ऐकू येतं. मुलं सिंहगडावर जाऊन येतात. खाली आल्यावर फोटो वाटायचे असतात. ज्यांच्याकडे आयफोन आहे ते एकमेकांना एअरड्रॉप करतात, दोन मिनिटांत शंभर फोटो, जसेच्या तसे. उरलेल्या एकीला सांगतात, "तुला रात्री व्हॉट्सअॅप करते." रात्री आठ फोटो येतात, दाबून बारीक झालेले. हे मला माझ्या मुलीने सांगितलं, आणि तक्रार म्हणून नाही, सहज. तिला नवा फोन हवा होता का? हवा होता. कॅमेऱ्यासाठी? मला नाही तसं वाटत. तिला त्या दोन मिनिटांच्या घोळक्यात उभं राहायचं होतं.

आता तुमच्याकडे येतो.

तुमच्या कॉलेजात कार्यक्रम असतो. पाहुणे यायचे असतात, दीपप्रज्वलन असतं, सोशल मीडियावर टाकायला चांगले फोटो लागतात. कोणीतरी सर किंवा मॅडम स्वयंसेवकांसमोर उभे राहतात आणि विचारतात, "आयफोन कोणाकडे आहे रे?" चार हात वर होतात. त्या चौघांना पुढे बोलावतात, त्यांना स्टेजजवळ जागा मिळते, पाहुण्यांबरोबर त्यांचा फोटो निघतो. बाकीचे खुर्च्या लावतात. या प्रश्नात कोणाच्या मनात काही वाईट नसतं हे मला माहीत आहे. पण गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुलांनी मला हाच प्रश्न याच शब्दांत सांगितला. वर्गात जात विचारायची नाही, वडिलांचा पगार विचारायचा नाही, हे आपल्याला कळतं. हा प्रश्न त्याच जातीचा आहे हे अजून आपल्या लक्षात आलेलं नाही. कंपनी कोट्यवधी रुपये जाहिरातीवर घालवते आणि तिचं सगळ्यात परिणामकारक वाक्य कॉलेजात फुकट बोललं जातं, तेही शिक्षकाच्या तोंडून.

पण खरं सांगू का, आयफोनवाली मुलं हा मोठा मुद्दाच नाही. ती संख्येने कमी. माझ्याकडे नवा फोन घेण्याविषयी विचारायला येणाऱ्यांत जास्त मुलं अशी असतात, ज्यांना नवा फोन नको असतो.

भोर तालुक्यातून आलेली एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. हॉस्टेलवर राहते. फोन मोठ्या भावाचा, 32 जीबीचा, पडदा एका कोपऱ्यातून तडकलेला, पण बाकी ठणठणीत. कॉलेजने अंतर्गत परीक्षेसाठी एक अॅप डाउनलोड करायला सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. फोनमध्ये जागा नव्हती. ती माझ्या काउंटरपुढच्या स्टुलावर बसली आणि एकेक फोटो पुसायला लागली. मी म्हटलं, "पोरी, दे, मी पेनड्राइव्हवर काढून देतो." पेनड्राइव्ह नव्हता, मी माझा दिला. सगळं मिळून 11 जीबी निघालं. त्यातलं 7 जीबी व्हॉट्सअॅपचं, आणि त्यातलं बहुतेक वर्गाच्या ग्रुपांचं: त्याच नोट्स चार जणांनी पाठवलेल्या, 'गुड मॉर्निंग', कोणाच्या तरी सेमिनारचे चाळीस फोटो. उरलेल्यात गावच्या जत्रेचे व्हिडिओ आणि आजीचे फोटो. हे सगळं काढून जागा केली, प्ले स्टोअर उघडलं, तर तिथे ओळ आली की तुमचं डिव्हाइस या अॅपला चालणारं नाही. अँड्रॉइडची आवृत्ती जुनी. त्या फोनला कंपनीकडून पुढचा अपडेट कधीच येणार नव्हता.

ती काही बोलली नाही. पेनड्राइव्ह परत देऊन तिने विचारलं, "काका, सगळ्यात स्वस्त कुठला येईल?"

मी तिला त्या रात्रीपुरता दुकानातला एक फोन दिला. पुढच्या महिन्यात तिने हप्त्यावर नवा घेतला, तेरा हजारांचा. तुमच्या हिशेबात ती 'दर वर्षी नवा मोबाईल लागणाऱ्या' मुलांपैकी एक झाली.

ते परीक्षेचं अॅप करत काय होतं म्हणाल तर वीस बहुपर्यायी प्रश्न दाखवत होतं.

हजेरीच्या अॅपची हीच कथा. क्यूआर कोड पंधरा सेकंदांत बदलतो, तेवढ्यात स्कॅन व्हायला हवा, शिवाय लोकेशन चालू हवं. ज्याचा कॅमेरा उघडायलाच दहा सेकंद घेतो त्याची गैरहजेरी लागते. असा एक मुलगा आठवड्यात तीनदा माझ्याकडे आला. त्याचा कॅमेरा बिघडलेला नव्हता. स्वस्त फोनमधली साठवणूक काठोकाठ भरली की फोन एकूणच रांगायला लागतो, बाकी काही नाही. तो वर्गात हजर होता, बाकावर बसलेला होता, शिक्षकांना दिसत होता. पण 75 टक्क्यांचा नियम अॅपला दिसणाऱ्या मुलांना लागतो.

आणि असाइनमेंट. हाताने वहीत लिहायची, मग तिचे फोटो काढून पीडीएफ करून द्यायची. फोटो अंधुक आला की परत. चांगल्या अक्षरात लिहिलेली वही समोर टेबलावर ठेवता येत असताना तिचा फोटो का लागतो हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. बहुधा नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, फाइलला लागत असावा. माझ्याकडे कॅमेऱ्याची काच बदलायला जी मुलं येतात त्यांना मी हल्ली गमतीने विचारतो, "रील की असाइनमेंट?" बऱ्याचदा उत्तर असाइनमेंट येतं.

तुम्ही म्हणाल, मग जुना फोन दुरुस्त करून वापरा. तुझं दुकान कशाला आहे?

इथे माझ्या धंद्याचं थोडं सांगावं लागेल. फोन जुना झाला असं मुलं म्हणतात तेव्हा दहापैकी निदान चार वेळा नुसती बॅटरी थकलेली असते. लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद 80 टक्क्यांच्या आसपास येते. दिवसातून एकदा चार्ज करणाऱ्याचं हे दीड-दोन वर्षांतच होतं. कॉलेजची मुलं दिवसातून दोनदा करतात. मग फोन दुपारी मान टाकतो, कधीकधी मंदही होतो, आणि मूल समजतं की फोन गेला. नऊशे-हजार रुपयांत बॅटरी बदलली की तोच फोन पुन्हा पळायला लागतो. पुष्कळांना हे माहीतच नसतं, आणि माहीत नसण्यात त्यांची चूक नाही. 2017 च्या डिसेंबरात अॅपलने स्वतः कबूल केलं होतं की थकलेल्या बॅटरीच्या जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. फोन अचानक बंद पडू नये हे कारण दिलं, आणि ते कारण खोटं नव्हतं. पण गिऱ्हाइकाला हे सांगितलं नव्हतं, त्यामुळे बॅटरी बदलायच्या ऐवजी कितीतरी जणांनी फोनच बदलला असणार. त्यावरून पुढे फ्रान्सने 2020 मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, अमेरिकेत 50 कोटी डॉलरपर्यंत देऊन तडजोड झाली. इटलीने तर 2018 मध्ये अॅपल आणि सॅमसंग दोघांनाही जुने फोन मंद करणाऱ्या अपडेटसाठी दंड लावला होता.

बॅटरी सोपी होती म्हणून तिचं उदाहरण दिलं. बाकीचं सोपं राहिलेलं नाही. पाठ गोंदाने चिकटवलेली असते. काच फुटली तर नुसती काच मिळत नाही, अख्खा डिस्प्ले घ्यावा लागतो, ज्याला आम्ही कॉम्बो म्हणतो. चौदा हजारांच्या फोनचा ओरिजिनल कॉम्बो पाच-सहा हजारांना पडतो आणि दोन वर्षांनी तोही मिळत नाही. कॉपी लावली तर रंग फिके, टच मधेच अडकतो, मूल पंधरा दिवसांनी शिव्या देत परत. काही कंपन्यांच्या फोनमध्ये दुसऱ्या फोनमधला अगदी अस्सल भाग बसवला तरी स्क्रीनवर सूचना येते की हा भाग ओळखीचा नाही. एका मुलाच्या फोनवर मी बसवलेल्या डिस्प्लेमुळे ती सूचना आली, त्याला वाटलं मी फसवलं. मला अर्धा तास लागला समजावायला.

आणि समजा सगळे भाग मिळाले, मी फोन आतून बाहेरून नवा केला, तरी सॉफ्टवेअरचं काय करणार? स्वस्त फोनला दोन-तीन वर्षं अपडेट येतात आणि थांबतात. बाहेरचं नवं अँड्रॉइड टाकता येतं, मला जमतं ते. पण मग बँकेची आणि पैसे पाठवायची काही अॅप्स उघडायला नकार देतात. हॉस्टेलवरच्या मुलाला मेसचे पैसे देता आले नाहीत तर माझ्या कौशल्याचं त्याने काय करायचं?

युरोपात याला लगाम घातलाय. 20 जून 2025 पासून तिथे विकायला येणाऱ्या फोनची बॅटरी 800 वेळा चार्ज झाल्यावरही 80 टक्के ताकदीची राहायला हवी, मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळायला हवेत आणि किमान पाच वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट यायला हवेत. खोक्याबरोबर लेबल येतं, त्यावर दुरुस्ती किती सोपी त्याची श्रेणी. आपल्याकडे केंद्र सरकारने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि 2024 मध्ये दुरुस्तीक्षमतेचा निर्देशांक ठरवायला समिती नेमली. पुढच्या वर्षी तिचा अहवालही सरकारकडे गेला. माझ्या काउंटरवर येणाऱ्या खोक्यांवर तो आकडा मी अजून पाहिलेला नाही. असो, ही लढाई तुमची नाही आणि तुम्हाला ती लढा म्हणतही नाही. फोन कसा बनवायचा हे तुमच्या हातात नाही. पण तो चार वर्षं चालू द्यायचा की दोन, यातलं बरंच काही तुमच्या हातात आहे.

हप्त्यांविषयी बोललं पाहिजे, कारण पालक सभेत त्याचा उल्लेखही झाला नाही. पूर्वी तेरा हजार म्हटलं की घरात चर्चा व्हायची. आता काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "महिन्याला अकराशे." अकराशे कोणालाही सोपे वाटतात. 'नो कॉस्ट' असा फलक असतो. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असली काही चीज नसते, ते व्याज कुठून तरी वसूल होतच असतं. आजच्या योजनांत ते सवलतीच्या रूपाने फिरवलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी. आणि हप्ता चुकला की फोन लॉक करणारं अॅप काही फायनान्सवाले आधीच टाकून ठेवतात. असा लॉक झालेला फोन घेऊन मुलं माझ्याकडे येतात, "काका, उघडून द्या ना." मी उघडत नाही, तो माझा धंदा नाही. पण विचार करा, ज्या फोनवर हजेरी, परीक्षा, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटीचा ओटीपी, डिजिलॉकर, सगळं आहे, तो फोन अकराशे रुपयांसाठी बंद पडला तर त्या मुलाचं कॉलेजच बंद पडतं. म्हणून ती मुलं हप्त्यासाठी रात्री डिलिव्हरीला जातात आणि सकाळच्या तासाला झोपतात. ती झोपही बहुधा तुमच्या दप्तरी चैन म्हणूनच नोंदली जात असेल.

लॅपटॉपची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती फोनपेक्षा सुटायला सोपी आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशानंतर सीनियर मुलं, किंवा कधी विभागच, एक यादी फिरवतात: अमुक प्रोसेसर, 16 जीबी रॅम, ग्राफिक कार्ड. पालक साठ-सत्तर हजार घालतात. पहिल्या वर्षी त्या यंत्रावर होतं काय, तर सी भाषेतले प्रोग्राम, वर्ड, आणि पीपीटी. यातलं सगळं आठ वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर होतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची साठवणूक, बसवली आणि रॅम वाढवली की जुनं यंत्र दहा मिनिटांऐवजी वीस सेकंदांत उघडतं, हे मी रोज पाहतो.

त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ला नेहमीचे अपडेट येणं थांबलं, आणि विंडोज 11 ला इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर चालतो. दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे थोरल्या बहिणीचे, मामाचे, ऑफिसातून निघालेले धडधाकट लॅपटॉप 'हे आता टाकून द्यायचे का' म्हणून आले. मी त्यातल्या पाचांवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, टाकून दिलं. तीन मुलं खूश आहेत. दोघांनी परत येऊन विंडोज मागितलं, कारण कॉलेजचं परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं.

तुमच्या पोर्चमध्ये ई-कचऱ्याची हिरवी पेटी असते. वर्षातून एकदा मोहीम होते, बॅनरपुढे फोटो होतो. (तेव्हाही कोणीतरी विचारत असेलच, आयफोन कोणाकडे आहे रे.) संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्सासुद्धा नीट गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. मोहीम करता हे चांगलंच आहे. पण एका कॉलेजच्या पेटीतले फोन मी त्यांच्या परवानगीने उचकून पाहिले. एकोणीस होते. सहा नुसत्या बॅटरीने चालू झाले, दोघांचं चार्जिंग जॅक गेलं होतं, एकाला तर काहीच झालं नव्हतं, फक्त अॅप चालत नव्हती.

म्हणून माझ्या मागण्या, आणि त्या फुकटातल्या आहेत.

कुठलंही अॅप सक्तीचं करण्याआधी ते सहा-सात वर्षं जुन्या स्वस्त फोनवर चालवून बघा. फोन नसेल तर माझ्याकडून न्या, माझ्या खणात पाच-सहा पडलेले असतात. अॅप विकायला येणारा माणूस स्वतःच्या खिशातल्या फोनवर दाखवतो, त्यावर भुलू नका. जिथे अॅप चालत नाही तिथे सही चालेल, असं एक वाक्य सूचनेत घाला. आज तशी सोय काही ठिकाणी आहे म्हणे, पण ती 'अर्ज करा, विभागप्रमुखांची सही आणा' अशी आहे, आणि माझा फोन जुना आहे असा अर्ज अठरा वर्षांचं मूल लिहीत नाही. ते मूल त्यापेक्षा हप्ते भरतं. वही वही म्हणून घ्या. महत्त्वाच्या सूचना नोटीसबोर्डावरही लावा, तो अजून भिंतीवर आहे. संगणक कक्ष पाच वाजता बंद होतो तो आठपर्यंत उघडा ठेवता आला तर निम्म्या मुलांचा लॅपटॉपचा प्रश्न तिथेच मिटतो. प्रवेशाच्या वेळी लेखी सांगा की पहिल्या वर्षाला नेमकं काय लागतं आणि काय लागत नाही. 'लागत नाही' हे तुमच्या लेटरहेडवर आलं तर बापाला मुलाशी बोलायला काहीतरी आधार मिळेल. आज त्याच्याकडे फक्त "आमच्या वेळी" असतं, आणि ते घरात कोणी ऐकत नाही.

आणि कार्यक्रमाच्या फोटोंसाठी कॉलेजने स्वतःचा एक कॅमेरा घ्यावा. तो स्वयंसेवकांमध्ये फिरू दे. भोरच्या मुलीच्याही हातात येऊ दे.

मुलांना नवी वस्तू आवडणार नाही असं मी म्हणत नाही. माझी मुलगीही मागते. मी तिला सेकंडहँड फोन नवी बॅटरी घालून दिला, तर पहिले चार दिवस तिने तो कव्हरमधून बाहेर काढला नाही. दुरुस्तीवाल्याची मुलगी असून. पाचव्या दिवशी तिच्या मैत्रिणीचा फोन पाण्यात पडला, ती तिला घेऊन दुकानात आली, आणि मी बोर्ड धुऊन मायक्रोस्कोपखाली गंजलेला जॅक बदलताना दोघी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. पडद्यावर बोर्डाचा तो हिरवा नकाशा दिसायला लागला तशी मैत्रीण म्हणाली, "एवढंच असतं आत?" फोन चालू झाला. त्यानंतर दोघींच्या गप्पांत मला एक नवा शब्द ऐकू आला: 'आपला जॅक बदललाय'. थोडा मिरवल्यासारखा.

तेव्हापासून डोक्यात आहे. सोमवारी माझं दुकान बंद असतं. महिन्यातून एका सोमवारी मी तुमच्या कॉलेजात यायला तयार आहे, पैसे नकोत. मुलांनी आपापले फोन आणि लॅपटॉप आणावेत, त्यांच्या समोर उघडू, काय बिघडलंय ते त्यांना दाखवू, बॅटरी कशी ओळखायची, फुगलेली कशी असते, जागा कशी मोकळी करायची, कुठला भाग घ्यायचा आणि कुठल्यावर पैसे घालवू नयेत ते सांगू. इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग असेल तर त्यांची मुलं मदतीला घेऊ. गल्लीतले आणखी दोन दुरुस्तीवाले यायला तयार आहेत, त्यांच्याशी बोललोय. भागांचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, तापकीर गल्लीच्या भावाने.

तुमच्याकडून खिडकीजवळची दोन टेबलं, एक एक्स्टेंशन बोर्ड आणि पंखा बंद ठेवायची परवानगी हवी. स्क्रू उडतात.

आपला,
डेक्कनच्या मागच्या गल्लीतला एक मोबाईल दुरुस्तीवाला
आणि दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा बाप